साडेचारचं ऊन

बसा भाऊ. पोरीचं लग्न म्हणता ना, मग तं निवांतच बसा, लग्नाच्या गोष्टी उभ्यानं होत नाहीत. अन् तुमची नजर त्या फोटोवर गेली ते मी पाहिलं. सगळ्यांचीच जाते. काचेत एवढे झकपक फोटो लावले मी, नवरा-नवरी, पाळण्यातले पोट्टे, डिग्री घेतलेल्या पोरी, अन् मधात तो काळा. खाली हार दिसते, वर केसांचा भांग दिसते, मधात कोणाचातरी हात आडवा. तोंड नाही. आता तुम्ही विचाराल, 'शालिकराम, एवढा खराब फोटो दुकानात काहून लावला गा?' विचाराच. विचारलं की मले सांगा लागते, पुरं सांगा लागते. तशी बोली आहे. ज्या बाईनं ती बोली केली ती जित्ती आहे, इकडं इंदोऱ्याच्या वस्तीत राहते, अन् दर महिन्याले येऊन फोटो जागेवर आहे का नाही ते पाहून जाते.

पंचफुला तिचं नाव. गिरणीत होती, सुताच्या खात्यात. तुमच्या खांद्याले लागेल एवढी बाई, केसात नेहमी कापसाचं तूस अडकलेलं, अन् आवाज असा की मशिनीच्या खडखडाटातही शेवटच्या बाईले ऐकू जाय. घड्याळ मी तिच्या हातात कधी पाहिलं नाही. कायले पाहिजे? पहिला भोंगा, दुसरा भोंगा, पाळी सुटायचा भोंगा, त्याच्यावर तिचं पुरं घर चाले. एकदा त्यांच्या मुकादमानं काय केलं, लेकुरवाळ्या बायांले पाळणाघरात जायले दहा मिनिटं भेटत, त्याची सात केली. सातात होते म्हणे. हिनं मशीन बंद केली अन् हाताची घडी घालून उभी राहिली. 'लेकरू तुमच्या हिशेबानं दूध पीत नाही. दहा म्हणजे दहा.' तिच्या बाजूची उभी राहिली, तिच्या बाजूची उभी राहिली, असं करता करता पुरी रांग उभी. तिसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं झाली. हे मले तिच्या नवऱ्यानं सांगितलं, नानाजीनं. नानाजी बिचारा मऊ माणूस. बायको बोलायले लागली की हा कौतुकानं तिच्या तोंडाकडं पाहत बसे.

त्यांले दोन पोरी. मोठी शामला, लहान गोपिका.

अडुसष्ट साली शामलाचं लग्न झालं, कळमेश्वरचा नवरदेव. फोटो काढायले मी. पत्रिकेत टाइम संध्याकाळी सहाचा. त्यांच्यात मुहूर्त-बिहूर्त नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच पंचांग सोडलं. बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या फोटोसमोर वंदना होते, त्रिशरण-पंचशील होते, नवरा-नवरी एकमेकांले हार घालतात, लोकं फुलं टाकतात, लागलं लग्न. अर्ध्या तासाचं काम. पण वरातीले कोण सांगणार? सहाची वरात नाचत नाचत नऊले आली. मी तेव्हा धंद्यात नवीन होतो, कोणी डोळे मोठे केले की दबून जाणारा. वरातीतल्या पोट्ट्यांनी मले रस्त्यातच धरलं. 'ए फोटोवाले, माझा घे गा! आता बँडवाल्यासंगं घे! आता खांद्यावर बसवून घे!' माझ्याजवळ एकच रोल. एका रोलात बारा फोटो निघतात भाऊ, तेरावा निघत नाही. अकरा त्या नाचणाऱ्यांनी खाल्ले.

उरला एक. तो मी हार घालताना काढला. पोरगी मान खाली घालून उभी, अन् नेमका फुलं टाकायले कोणाचातरी हात आडवा आला. तोच हा. मग पंचफुलाबाई शामलाचा हात धरून आली. 'भाऊ, आता आमचे मायलेकीचे काढा.' काय सांगू तिले? रोल संपला म्हणू? लाज वाटली मले. आमच्या धंद्यात एक खोटं चालते, अजूनही चालते, खोटं कायले बोलू. रोल नसला तरी कॅमेऱ्याचा चाप वाजतो, फ्लॅश चमकतो, समोरचा माणूस खूश होऊन जेवायले जाते. मी त्या मायलेकीच्या तोंडावर चार रिकामे फ्लॅश मारले. वरातीचे अकरा ते नाचणारे आधीच घेऊन गेले होते; पंधरा दिवसांनी बाई फोटो न्यायले आली तेव्हा हा एकटा तिच्या हातात देऊन म्हटलं, 'बाकीचे नाही आले बाई. रात्र होती ना, अंधारानं खाल्ले.' तिनं मान हालवली. तिचा भरवसा बसला माझ्या बोलण्यावर.

दीड वर्षात शामला बाळंतपणात गेली. लेकरू भी गेलं.

त्याच्यानंतर एक दिवस पंचफुलाबाई दुकानात आली. कपाटाजवळ उभी राहिली, बसली नाही. म्हणाली, 'भाऊ, ते काळं असते ना, ज्याच्यावरून फोटो छापता, त्याच्यात तरी तिचं तोंड असेल ना? थोडंसं? मले आताशा तिचं तोंड पुरं आठवत नाही. नाक आठवलं तं डोळे निसटतात, डोळे आठवले तं हनुवटी निसटते.' अन् मी, या शालिकरामानं, पुन्हा तेच सांगितलं. 'अंधार होता बाई.' शेण खाल्लं मी. दोनदा खाल्लं. रागानं आजही माझ्या कानशिलाच्या शिरा तडतडतात, अन् राग दुसऱ्या कोणावर काढायची सोय नाही.

त्र्याहत्तर साली गोपिकाचं ठरलं. उमरेडचा पोरगा, रवींद्र नाव, शाळेत मास्तर. लग्नाले महिना होता तेव्हा पंचफुलाबाई दुकानात आली अन् वहीचा एक कागद माझ्यासमोर ठेवला. गोपिकाच्या अक्षरात पुऱ्या दिवसाचा टाइम मांडून ठेवला होता. तीन वाजता वरात. साडेचार वाजता फोटो. साडेपाचले लग्न. सातले जेवण.

मी पाहतच राहिलो. भाऊ, इतके वर्ष झाले मले या धंद्यात, लग्नाच्या घरी सगळ्याले टाइम असते. रुसलेल्या जावयाची समजूत काढायले टाइम असते, हरवलेल्या चपला हुडकायले असते, फोटोवाल्याले नसते. 'अरे, तो फोटोवाला कुठं मेला, घ्या ना लवकर, पंगत बसून राहिली!' असं ओरडून नवरीले मधातच ओढून नेतात. अन् इथं ही बाई चाळीस मिनिटं लिहून देऊन राहिली होती.

'शालिकभाऊ, शहरात फोटोवाले लय आहेत,' ती म्हणाली, 'पण मी तुमच्याकडंच आली. काहून माहीत आहे? अंधार काय करते हे तुम्हाले माहीत आहे.'

मी काउंटरवरची धूळ पुसत राहिलो.

'आठ दिवस झाले, पाळीवरून आली का मी अंगणात उभी राहून ऊन पाहते. साडेचारले कडूलिंबाच्या खालून ऊन सरळ आमच्या भिंतीवर येते. पाच वाजून दहा मिनिटांनी मांगच्या माडीची सावली येते अन् सगळं घेऊन जाते. चुन्यानं रेघ मारून ठेवली मी. तेवढ्या टाइमात माझ्या पोरीचं तोंड मले पाहिजे. मान वर, डोळे उघडे, अन् बाजूले मी. एवढा एक फोटो. बाकीचं लग्न काढा नाहीतर नका काढू.'

'अन् वरात उशिरा आली तं?'

'येऊ द्या. पंचांगाची गुलामी सोडली आम्ही, ते बँडवाल्याची करायले नाही.'

इथपर्यंत ठीक होतं. पण ही बाई तिथं थांबते कायले. तिनं तो पुरा टाइम पत्रिकेत छापला. छापखान्यातला माणूस हसला म्हणे, 'बाई, फोटोचा टाइम पत्रिकेत कोणी छापते का?' ही म्हणाली, 'जेवणाचा छापता ना? जेवण दुसऱ्या दिवशी भी भेटते.' छापून घेतला. बुद्धाच्या चित्राखाली, मंगल परिणयाच्या वर, मोठ्या अक्षरात: दुपारी ठीक ४.३० वाजता फोटो.

ते पत्रिका घेऊन दोघं नवराबायको एस.टी.नं उमरेडले गेले. नवरदेवाले बाप नव्हता, सगळा कारभार मामाच्या हातात. मामा चंपतराव, कोळशाच्या खाणीवर हाजरी घेणारा, मिशा अशा की आधी मिशा घरात येत, मग माणूस. त्यानं पत्रिका वाचली अन् हसला. 'बाई, वरात म्हणजे का एस.टी. आहे टाइमावर यायले?'

'तुम्ही खाणीवर हाजरी घेता ना, दादा?' पंचफुलाबाईनं विचारलं. 'भोंगा झाल्यावर दोन घंट्यांनी कोणी नाचत नाचत आला तं हाजरी लावता का त्याची?'

नवरदेव पाण्याच्या गिलासात तोंड घालून हसून राहिला होता म्हणे. चंपतराव म्हणाला, 'पोरीच्या मायनं एवढं बोलू नये.'

'मग कोण बोलेल? तिच्या बापाले पाहा, बोलते का तो काही?'

हे सांगताना नानाजी एवढा हसला की त्याले ठसका लागला.

लग्नाचा दिवस आला. फेब्रुवारी महिना, ऊन असं की माणसाले उन्हात बसावंसं वाटते. मी दोन रोल घेतले, म्हणजे चोवीस फोटो. बारा घरच्यांचे, बारा लग्नाचे, असा हिशेब बाईसंगं पक्का केला होता. सव्वाचारले मी अंगणात पोचलो. वरात आली नव्हती, पण त्याचं मले काही वाटलं नाही. पण मले जे दिसलं ते पाहून मी दारातच थांबलो.

पुरी वस्ती अंगणात उभी होती. नटूनथटून. साठ-सत्तर माणसं. इस्त्रीचे सदरे, ठेवणीतल्या साड्या, पोट्ट्यांच्या डोक्यावर तेल थापलेलं. तुळसाबाई म्हणून एक बुढी होती, ते घरून खुर्ची घेऊन आली होती अन् पहिल्या नंबरावर बसली होती. एकानं नवी सायकल आणली होती, घंटी पुसून पुसून चमकवून राहिला होता. एकाच्या काखेत रेडिओ. मी विचारलं, 'काय गा, हे काय?'

'पत्रिकेत लिहिलं ना,' सायकलवाला म्हणाला. 'ठीक साडेचार वाजता फोटो. आम्ही तं चारलेच आलो.'

समजलं का भाऊ? पत्रिकेत जे छापलं ते आमंत्रण. जेवणाचं छापलं तं सगळे जेवायले येतात, फोटोचं छापलं तं सगळे फोटोले आले. प्रत्येकाले वाटलं, आपला फोटो निघणार. अन् त्यांचं चुकलं तरी काय? त्या वस्तीत अर्ध्या लोकांचा फोटो जन्मात कधी निघाला नव्हता.

गोपिका पांढरी साडी नेसून दारात उभी होती. पंचफुलाबाई बाहेर आली, गर्दी पाहिली, अन् मले वाटलं आता हिचा आवाज चढते. तं ही बाई कमरेवर हात ठेवून हसली. 'पाहा शालिकभाऊ! या वस्तीत आजपर्यंत कोणी टाइमावर आलं होतं का? पाहा, सगळे आले! आता यांले वापस कसं पाठवू?'

'बाई, चोवीस फोटो आहेत माझ्याजवळ. सत्तर माणसं आहेत. सावली येऊन राहिली.'

'मग?'

अन् तिथं माझ्या जिभेनं घात केला. सवय हो, दुसरं काही नाही. मी तिच्या कानाजवळ जाऊन म्हटलं, 'तुम्ही घोर करू नका. एकेकाले उभं करतो अन् रिकामा फ्लॅश मारतो. खूश होऊन जातील.'

'रिकामा म्हणजे?'

'म्हणजे रोल टाकायचाच नाही. चाप वाजते, उजेड चमकते, माणसाले वाटते का निघाला. मग सांगून द्यायचं का अंधा...'

पुढचा शब्द माझ्या तोंडात राहिला. पण निघायचा तेवढा निघाला होता. पंचफुलाबाई माझ्याकडं पाहत होती. तिचं हसू जिथल्या तिथं होतं, फक्त त्याच्या मांगची बाई निघून गेली होती. अंगणात कल्ला चालूच, सायकलची घंटी वाजून राहिली होती.

'शामलाच्या लग्नात अंधार होता ना?' ती हळूच म्हणाली. एवढ्या हळू मी तिले कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मी कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करायले लागलो.

'हाव का नाही, एवढंच सांग.'

'रोल संपला होता,' मी म्हटलं. 'वरातीत.'

पाच वर्षं ही बाई अंधारासंगं भांडत होती, भाऊ. ऊन मोजलं, चुन्यानं रेघा मारल्या, पत्रिका छापली, उमरेडपर्यंत जाऊन त्या मिशीवाल्याले नडली. अन् अंधाराचा काही गुन्हाच नव्हता. मले वाटलं आता ही माझ्या कानाखाली जाळ काढते. काढायलेच पाहिजे होता. मी गाल घेऊन तयार उभा होतो.

तिनं हात नाही उचलला. पदर कमरेले खोचला. तोपर्यंत ती मले तुम्ही म्हणे, त्या दिवसापासून तू म्हणायले लागली. 'रोल दाखव.'

मी पिशवीतून रोल काढला.

'माझ्यासमोर टाक. लोकं पाहतील असा टाक.'

सगळ्यांच्या समोर मी कॅमेरा उघडला, रोल बसवला, कागदाचं टोक अडकवलं, झाकण लावलं. तिनं पुरं पाहिलं. मग वळली अन् तिच्या त्या गिरणीतल्या आवाजात ओरडली, 'ऐका! एकेकाचा फोटो निघणार नाही. सगळ्यांचा मिळून एक निघेल. पण खरा निघेल! बुढे खाली बसा, बाया मधात, माणसं मांगं. सायकल बाजूले कर गा, सगळ्यांच्या तंगड्या झाकून राहिली ती. गोपिका, मधात ये. नानाजी, तुम्ही तिच्या डाव्या बाजूले.'

सत्तर माणसं बसवणं म्हणजे काय असते ते मले विचारा. एक बसला तं दुसरा उठते. तेवढ्यात बँडचा आवाज आला. वरात! तीनची वरात पावणेपाचले कोपऱ्यावर आली, अन् आज नेमकी भराभर आली. जानोसा, म्हणजे वरातीचा उतारा, मांगच्या गल्लीतल्या शाळेत होता, ते तिथून नाचत सरळ मांडवाच्या दारात. अन् दारात कोणी नाही! हार घेऊन उभं राहायचं ते सगळे माझ्यासमोर रांगेत. माना ताठ, श्वास कोंडलेले, पाठ वरातीकडं.

'अरे, हे काय आहे?' मांगून चंपतराव गरजला. 'वरात दारात उभी अन् पोरीवाले पाठ करून बसले? काही मानपान आहे का नाही?'

रांग चुळबुळली. मी ओरडलो, 'हलू नका! हललं तं तोंड पुसलं जाईल!'

पंचफुलाबाई गोपिकाच्या उजव्या बाजूले होती. तिनं मान वळवली नाही, भाऊ. डोळे माझ्या कॅमेऱ्यावर, अन् बोलली मांगच्या माणसासंगं. 'आलात का दादा? बसा. दहा मिनिटं लागतील.'

'दहा मिनिटं? पोरीच्या दारात वरात थांबत नसते! वापस नेतो मी वरात!'

बँड थांबला. नानाजीचं तोंड पांढरं पडलं. गोपिकाची मान खाली जायले लागली, तशीच, बहिणीसारखी. मले वाटलं, झालं, संपलं. फोटो भी गेला अन् लग्न भी.

'न्या,' पंचफुलाबाई म्हणाली. तशीच, पुढं पाहत. 'न्यायची तं न्या. माझ्या मोठ्या पोरीच्या वेळी तीन घंटे आम्ही हार घेऊन उभे होतो, कोणी मेलं नाही. तुम्ही दहा मिनिटं उभे राहा, तुम्ही भी मरणार नाही. दहा म्हणजे दहा. अन् गोपिका, मान वर कर. तू कोणाचं काही चोरलं नाही. वर कर म्हणते ना!'

गोपिकानं मान वर केली.

अन् मग जे झालं ते चंपतरावले जन्मभर पचलं नसेल. वरातीतून एक बाई निघाली, जाडजूड, हिरवं लुगडं. कांताबाई, त्याचीच बायको. पदर बराबर केला, केसावरून हात फिरवला, अन् तरातरा येऊन बायांच्या रांगेत घुसली. 'सरका वं जरा. साडेचारचा फोटो आहे ना? मी तं सकाळपासून म्हणून राहिली होती का उशीर होईल, उशीर होईल. या माणसानं ऐकलं तं पाहिजे.' तिच्या मांगून दोन पोरी आल्या. मग नवरदेव आला. मामाकडं पाहिलं नाही, येऊन नानाजीच्या बाजूले उभा राहिला अन् म्हणाला, 'पत्रिकेत लिहिलं होतं मामा. उशीर आपला झाला.' मग बँडवाले आले, पिपाणी घेऊन. आता चंपतराव वरात नेणार तं कोणाले नेणार? अर्धी वरात तं फोटोत.

तो बसला मांडवाच्या खांबाले टेकून, मिशा खाली करून. फोटोत आहे तो, कोपऱ्यात, अर्धा.

मी चाप दाबला. खरा. मग सगळ्यांले बाजूले केलं अन् मायलेकीले भिंतीजवळ उभं केलं. सावली चुन्याच्या रेघेपासून हातभर होती. अकरा फोटो काढले मी तेवढ्यात, एकामांगून एक, श्वास न घेता. पाच वाजून दहा मिनिटांनी सावली रेघेवर आली. पंचफुलाबाईनं रेघेकडं पाहिलं, कमरेचा पदर सोडला अन् चंपतरावकडं हार घेऊन गेली. 'या दादा. आता या.'

साडेपाचले लग्न लागलं. पत्रिकेप्रमाणं.

पंधरा दिवसांनी ती फोटो न्यायले आली. मायलेकीचा तो फोटो तिनं खिडकीजवळ नेऊन पाहिला. गोपिकाच्या डोळ्यातला कडूलिंब भी दिसत होता त्याच्यात, एवढा साफ आला होता. मी हात जोडले. म्हटलं, 'बाई, माझं चुकलं. लय मोठं चुकलं.' तिनं फोटो पिशवीत ठेवले अन् पदराच्या आतून हा काळा काढला. काउंटरवर ठेवला.

'शालिकराम, तुले माहीत आहे का, त्या दिवशी शामला पुऱ्या लग्नात मान खाली घालून होती. रीतच तशी. फक्त तुझ्यासमोर उभी राहिली तेव्हा मी तिच्या कानात काहीतरी बोलली, अन् तिनं मान वर केली अन् खळखळून हसली. एकदाच. तुझ्याकडं पाहून. तुझ्या रिकाम्या डब्याकडं पाहून हसली माझी पोरगी.'

मले रडू आलं भाऊ, खोटं नाही सांगत. तिले नाही आलं. ती म्हणाली, 'रडू नको. मले तुझं रडणं नको. तू तिचं हसणं पाहिलं होतं ना? त्या वरच्या काचेतून वाकून पाहिलं होतं ना? कसं होतं?'

मी डोळे मिटले. लय आठवायचा प्रयत्न केला. त्या रात्री मी त्या काचेत पाहिलंच नव्हतं. रिकामा फ्लॅश मारायचा, त्याच्यासाठी कोण पाहते? मी जेवणाच्या पंगतीकडं पाहत होतो. हे भी मी तिले सांगितलं. खोटं बोलायची हिंमतच राहिली नव्हती.

ती मग फोटोवर बोट ठेवून म्हणाली, 'हा इथं लाव. काचेत, मधोमध. कोणी विचारलं का हे काय आहे, तं सांगायचं. सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. अन् जोपर्यंत हा इथं आहे तोपर्यंत कोणत्या पोरीवर रिकामा उजेड मारायचा नाही.'

तेव्हापासून लावला. दहा वर्षं झाली. माझी बायको म्हणते, काढा तो, गिऱ्हाईक बिचकते. बिचकू दे. इंदोऱ्यातल्या पत्रिका पाहा आता, फोटोचा टाइम छापूनच येते. पंचफुलाबाई गिरणीतून सुटली, एका डोळ्यानं कमी दिसते, पण महिन्यातून एकदा येते, बाहेरूनच काचेले नाक लावून पाहते, अन् चालली जाते. आत येत नाही. मी भी बोलावत नाही.

तं आता बोला भाऊ. काय म्हणता, गोरज मुहूर्त? राहू द्या. तुमचा मुहूर्त तुमच्याजवळ ठेवा, मले त्याच्याआधीचं चाळीस मिनिटं ऊन पाहिजे, पत्रिकेत छापून पाहिजे, अन् वरात आली तरी ते थांबेल असं आत्ता कबूल करा. नसेल जमत तं समोरच्या गल्लीत दुसरा फोटोवाला आहे. जमत असेल तं पोरीले सांगा, मान वर ठेव म्हणा. रोल मी तुमच्यासमोर टाकीन.